विषारी जमिनीचा जमाखर्च

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील विषारी कचरा २०२५ च्या जूनअखेर पिथमपूरच्या भट्टीत जळून संपला आणि चाळीस वर्षे रेंगाळलेले एक प्रकरण एकदाचे निकालात निघाले, असा समज देशात सर्वत्र पसरला आहे. हा समज जितका सुखद, तितकाच घातक आहे. जळाला तो ३३७ टन कचरा. कारखान्याच्या आवारात गोळा करून ठेवलेला हा कचरा उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सरकारला खडसावल्यानंतर २०२५ च्या पहिल्याच रात्री बारा बंद वाहनांतून अडीचशे किलोमीटर दूर नेण्यात आला. तो आपल्या गावात नको म्हणून पिथमपूरचे नागरिक रस्त्यावर उतरले. आणि अखेर सुमारे १२६ कोटी रुपयांच्या सरकारी तरतुदीतून त्याची विल्हेवाट लागली. परंतु नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली 'नीरी', आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था यांनी २०१० सालीच सांगून ठेवले होते की, त्या आवारातील सुमारे ११ लाख टन माती दूषित झालेली आहे. ११ लाख टनांपुढे ३३७ टन म्हणजे दर दहा हजार टनांमागे जेमतेम तीन टन! माती जिथल्या तिथे आहे, तिच्यातून झिरपणारे पाणी जिथल्या तिथे आहे, आणि त्या पाण्याच्या काठाने राहणारी माणसेही जिथल्या तिथेच आहेत.

एवढ्या मोठ्या प्रश्नाचा एवढा लहानसा भाग सुटला असताना तो संपूर्ण सुटल्याचे समाधान आपणांस का वाटावे? याचे कारण आमच्या मते असे की, अशा जमिनींच्या बाबतीत आपण दोन प्रश्न आजवर कधी नीट विचारलेच नाहीत. शुद्धीकरणाचा पैसा कोणी द्यावयाचा, हा पहिला प्रश्न. आणि पैसा खर्च झाल्यावर त्यातून काय साधले हे कोणत्या मापाने मोजावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाले. दुसरा प्रश्न तर कोणी उच्चारलाही नाही. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कारण माप चुकीचे असले, तर उत्तम हेतूने खर्च केलेला पैसाही भलत्याच ठिकाणी जातो.

प्रथम पैशाचा प्रश्न घेऊ. 'जो घाण करील तो भरील' हे तत्त्व कोणाही सुबुद्ध माणसास पटणारे आहे, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते १९९६ सालीच ठामपणे उचलून धरले. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे एक खेडे आहे. तेथे १९८८ च्या सुमारास 'एच अ‍ॅसिड' नावाचे रसायन बनवणारा कारखाना निघाला. तो फार काळ चाललाही नाही. पण तेवढ्या अवधीत सुमारे २,४०० टन विषारी गाळ मागे ठेवून गेला. पावसाचे पाणी त्या गाळातून जमिनीत मुरले आणि विहिरींचे पाणी काळपट होऊन माणसांच्या, जनावरांच्या व पिकांच्या उपयोगाचे राहिले नाही. न्यायालयाने कारखानदारांना दोषी धरले आणि शुद्धीकरणाचा सारा खर्च त्यांच्याकडून वसूल करावा, असा निर्णय दिला. त्यानंतर काय व्हावे? कारखानदारांनी अर्जांवर अर्ज केले, फेरविचाराच्या याचिका केल्या. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयास पुन्हा आज्ञा द्यावी लागली की, ३७ कोटी ३८ लाख रुपये १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरा. १९९६ ते २०११! तत्त्वाचा जय झाला खरा. परंतु त्या पंधरा वर्षांत बिछडीच्या शेतकऱ्याने आपल्या बैलांना कोणते पाणी पाजावे, याचे उत्तर त्या तत्त्वाजवळ नव्हते.

भोपाळची कथा याहून दुःखद आहे. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. ती २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री वायूने मारलेल्या व जायबंदी केलेल्या माणसांसंबंधीची होती. कारखाना १९६९ पासून आवारात जे पुरत व ओतत आला होता, त्याचा विचार त्या तडजोडीत कोणी केला नाही. १९९८ साली जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत आली. २००१ मध्ये मूळ कंपनी डाऊ केमिकलने विकत घेतली. पण जुन्या पापाचे दायित्व मात्र आपण घेतलेले नाही, असेच ती सांगत राहिली. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तेव्हा ज्याने घाण केली त्याने हात झटकले, ज्याने ती कंपनी विकत घेतली त्यानेही हात झटकले, आणि १२६ कोटी रुपये भरले ते या देशाच्या करदात्याने. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हाच तो न्याय!

मग काय, दोषी सापडेपर्यंत व त्याने पैसे टाकेपर्यंत जमीन तशीच पडू द्यावी? मुळीच नाही. या बाबतीत अमेरिकेने जे केले ते अभ्यासण्यासारखे आहे. न्यूयॉर्क राज्यात नायगारा धबधब्याजवळ लव्ह कॅनाल नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. एका रासायनिक कंपनीने त्यात १९५२ पर्यंत सुमारे २१,००० टन रसायने पुरली आणि १९५३ साली ती जमीन तेथील शाळामंडळाला अवघ्या एका डॉलरला दिली. तेथे शाळा उभी राहिली, भोवती घरे उठली, आणि १९७८ साली तळघरांतून विष वर येऊ लागल्याचे उघड होऊन शेकडो कुटुंबे हलवावी लागली. त्या धक्क्यातून १९८० साली 'सुपरफंड' नावाचा कायदा झाला. त्याची रचना साधी होती. कच्चे तेल व रसायने यांवर कर बसवून आधी निधी उभा करावयाचा, त्यातून सफाई तत्काळ सुरू करावयाची, आणि दोषी कंपनीशी न्यायालयात झगडून मागाहून तिच्याकडून पैसा परत आणावयाचा. लव्ह कॅनालबद्दल तेथील सरकारला १२ कोटी ९० लाख डॉलर मिळाले ते १९९५ च्या डिसेंबरात, सतरा वर्षांनी. पण सफाई त्या सतरा वर्षांसाठी खोळंबली नव्हती. बिछडी आणि लव्ह कॅनाल यांतील अंतर नेमके हे आहे.

अर्थात तेथेही सारे आलबेल नव्हते. तो कर १९९५ अखेर संपला, तो पुढे चालू ठेवण्यास राजकारण्यांनी नकार दिला, आणि निधी आटत जाऊन भार सामान्य करदात्यावर पडला. रसायनांवरील कर पुन्हा बसला तो २०२१ च्या कायद्याने आणि तेलावरील २०२२ च्या. म्हणजे निधी उभारण्याइतकेच तो टिकवणे अवघड असते. आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला, तो स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येताच तो राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळवण्यात आला! एका कारणासाठी घेतलेला पैसा दुसऱ्या कारणासाठी खर्च करण्याची ही सवय जोवर सुटत नाही, तोवर कोणत्याही नव्या निधीवर लोकांचा विश्वास बसणार नाही.

आता दुसऱ्या आणि आमच्या मते अधिक मूलभूत प्रश्नाकडे वळू. समजा, पैसा मिळाला आणि जमीन शुद्ध झाली. त्यातून काय साधले, हे कसे ठरवावयाचे? जगभर यासाठी रूढ झालेले माप जमिनीच्या भावाचे आहे, आणि त्याला आधार नाही असेही नाही. अमेरिकेने १९९५ पासून ओस पडलेल्या प्रदूषित जागांना अनुदाने देण्याचा कार्यक्रम चालवला आणि २००२ साली त्यास कायद्याचे अधिष्ठान दिले. २०१७ च्या एका अभ्यासात असे आढळले की, अशा जागा स्वच्छ झाल्यावर आसपासच्या घरांच्या किमती ५ ते १५ टक्क्यांनी वाढल्या. अशा ४८ जागांच्या हिशेबात तर केंद्रीय खात्याने घातलेल्या १ कोटी २४ लाख डॉलरांच्या मोबदल्यात स्थानिक संस्थांना एका वर्षात २ कोटी ९० लाख ते ९ कोटी ७० लाख डॉलर इतका जादा कर मिळाल्याचा अंदाज निघाला. दुप्पट ते सातपट! कोणताही अर्थमंत्री या आकड्यांनी खूश होईल. सफाई ही खैरात नसून गुंतवणूक आहे, हे पटवण्यास हे आकडे उपयोगी आहेत, आणि ते वापरावेत याबद्दल आमचे दुमत नाही.

परंतु याच अमेरिकेत झालेले आणखी दोन अभ्यास या आकड्यांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. २००८ साली ग्रीनस्टोन व गॅलाघर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सुपरफंडाखालील अतिविषारी स्थळे घेतली, आणि जी स्थळे त्या यादीत येता येता थोडक्यात राहून गेली त्यांच्याशी त्यांची तुलना केली. तेव्हा सफाईमुळे आसपासच्या घरांच्या किमतीत म्हणण्यासारखा फरक पडल्याचे त्यांना दिसले नाही. केवळ भावाच्या मापाने पाहिले, तर कोट्यवधी डॉलर पाण्यात गेले, असेच म्हणावे लागेल. पण २०११ साली करी, ग्रीनस्टोन आणि मोरेटी यांनी अशाच स्थळांभोवती राहणाऱ्या मातांच्या बाळंतपणांच्या नोंदी सफाईपूर्वीच्या व सफाईनंतरच्या अशा तपासल्या. तेव्हा जन्मजात व्यंगांचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. विशेष असे की, या दोन्ही अभ्यासांत एक नाव समान आहे. म्हणजे हा दोन पक्षांचा वाद नव्हे. तीच सफाई एका मापाने मोजली तर शून्य भरते आणि दुसऱ्या मापाने मोजली तर अमोल ठरते.

असे का व्हावे, हे समजणे कठीण नाही. घराचा भाव ठरतो तो खरेदीदाराच्या ज्ञानावर, त्याच्या ऐपतीवर आणि वस्तीच्या लौकिकावर. अतिविषारी स्थळाचे दुर्नाम सफाईनंतरही वर्षानुवर्षे मागे लागते. गर्भातील मुलाला मात्र बाजारभाव ठाऊक नसतो. पाण्यातील विष कमी झाले की त्याचा लाभ त्याला तेथल्या तेथे मिळतो. शिवाय भाववाढीचा फायदा मिळतो तो मालकाला. भाडेकऱ्याला तीच भाववाढ घराबाहेर काढते. आणि विषारी जमिनीच्या कडेला राहतो तो बहुधा भाडेकरू किंवा झोपडीवाला. ज्याने विष प्यायले, त्याला जमीन शुद्ध झाल्यावर तेथून हाकलून द्यावयाचे, आणि त्याच्या जागी येणाऱ्या धनिकाची श्रीमंती हा योजनेचा लाभ म्हणून मांडावयाचा, यासारखी क्रूर थट्टा दुसरी नाही.

आमच्या मुंबईला हे परक्या देशाकडून शिकण्याची गरज नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव ओस पडले आणि सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या ऐन मध्यावर मोकळी होण्याची संधी आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक मोकळ्या मैदानांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी 'म्हाडा'ला आणि एक मालकाला. २००१ साली त्या नियमात एक फेरफार झाला. वाटणी साऱ्या जमिनीची न होता फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या तुकड्याची व्हावी, असा त्याचा अर्थ होता. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला, आणि मुंबईच्या वाट्याला यावयाची मैदाने कागदावरच राहिली. गिरण्यांच्या जमिनी भोपाळसारख्या विषारी होत्या, असे आमचे म्हणणे नाही. पण ओस पडलेल्या औद्योगिक जमिनीचा लाभ चौरस फुटाच्या भावात मोजला की काय होते, हे लालबाग-परळचा रहिवासी रोज आपल्या खिडकीतून पाहतो. भावाच्या हिशेबाने गिरणगावाचा पुनर्विकास हे मोठे यश आहे. जो कामगार तेथून उठला, त्याच्या हिशेबाने ते काय आहे, हे त्याला कोणी विचारले नाही.

आणि आता तोच प्रसंग देवनारला येऊन ठेपला आहे. तेथे १९२७ पासून मुंबईचा कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये त्याला लागलेल्या आगीचा धूर साऱ्या शहराने श्वासाबरोबर घेतला आणि गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांनी तर तो कित्येक दिवस घेतला. २०२४ साली राज्य सरकारने तेथील १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील कुटुंबांच्या घरांसाठी देण्याचे ठरवले, आणि २०२५ मध्ये महापालिकेने तेथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा तीन वर्षांत हटवण्यासाठी २,३६८ कोटी रुपये खर्चाची निविदा काढली. कचरा हटलाच पाहिजे. त्याविषयी वाद नाही. पण कंत्राटदाराचे काम किती झाले हे टनांत मोजले जाईल, आणि जमिनीचा लाभ घरांच्या संख्येत. कचरा उचलल्यावर खालच्या मातीत काय उरले, भूजलात काय उतरले, आणि भोवतालच्या मुलांच्या फुप्फुसांत काय फरक पडला, हे कोण मोजणार? आज त्या मुलांची तपासणी झाली नाही, तर पाच वर्षांनी तुलना कशाशी करावयाची?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा, राज्य मंडळाने ठरावीक मुदतीत तपासणी करावी, दोषी कोण हे ९० दिवसांत ठरवावे, आणि तो न सापडल्यास किंवा दिवाळखोर निघाल्यास केंद्र व राज्य यांनी मिळून खर्च उचलावा, असे त्यांत सांगितले आहे. हे नियम येण्यापूर्वी अशा १०३ स्थळांची नोंद झाली होती, आणि त्यांपैकी केवळ ७ ठिकाणी सफाईस आरंभ झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या नियमांची निकड पटते. पण त्यांत दोन मोठी छिद्रे आहेत. स्थळ प्रदूषित आहे असे ठरल्यावर ते कधीपर्यंत शुद्ध व्हावे याची कालमर्यादा त्यांत नाही; आणि देवनारसारख्या कचराभूमी सामान्यतः त्यांच्या कक्षेबाहेर आहेत. मुदत नसलेले कर्तव्य सरकारी दप्तरात किती वर्षे झोपू शकते, हे भोपाळने दाखवून दिले आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. पहिली अशी की, कोणत्याही प्रदूषित जागेला फावडे लावण्यापूर्वी तेथील माती, विहिरी, नवजात बालके आणि शाळकरी मुले यांची तपासणी होऊन ती नोंद लोकांसमोर ठेवली जावी, आणि काम संपल्यावर ठरावीक वर्षांनी तीच तपासणी पुन्हा व्हावी. दुसरी अशी की, कोणती जागा आधी शुद्ध करावयाची, हे तेथील माणसांच्या आरोग्याला असलेल्या धोक्यावरून ठरावे. जागा विकली गेल्यास किती रुपये येतील, यावरून ते ठरू नये. नाहीतर वांद्र्याची जमीन आधी आणि बिछडीची कधीच नाही, असा क्रम लागेल. तिसरी मागणी अशी की, रसायने व तेल यांवरील आकारणीतून स्वतंत्र निधी उभा राहावा, तो कायद्याने बांधलेला असावा, त्यातून सफाई तत्काळ सुरू व्हावी आणि दोषींकडून वसुली मागाहून होत राहावी. आणि शेवटची अशी की, सार्वजनिक पैशाने शुद्ध झालेल्या जमिनीचा भाव जेवढा वाढेल, त्यातील मोठा हिस्सा त्याच निधीत परत यावा. आणि जे लोक तेथे विषात राहिले, त्यांचा तेथेच राहण्याचा हक्क अबाधित असावा.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आरोग्याचे मोजमाप खर्चिक आहे, वेळखाऊ आहे आणि त्याचे निष्कर्ष नेहमीच वादग्रस्त असतात. आक्षेप खोटा नाही. परंतु जमिनीचे भाव तरी कोठे निर्विवाद असतात? तपासणीचा खर्च २,३६८ कोटींच्या कामात किती मोठा ठरेल? आणि वेळेचे म्हणाल, तर भोपाळच्या ४२ वस्त्यांतील भूजल दूषित असल्याचे कळण्यास २०१८ साल उजाडावे लागले, ते पाण्याची परीक्षा अशक्य होती म्हणून नव्हे. ती वेळेवर व सर्वत्र करण्याची तसदी कोणी घेतली नाही म्हणून.

देवनारचे काम अजून आरंभीच्या टप्प्यात आहे. महापालिकेला आणि राज्य सरकारला अद्याप वेळ आहे. गोवंडी, मानखुर्द आणि शिवाजीनगरच्या दवाखान्यांत, शाळांत आणि बाळंतघरांत नोंदी करण्यास परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत; इच्छा लागते. ती नोंद येत्या वर्षात झाली पाहिजे, आणि तिचा आकडा कंत्राटाच्या आकड्याशेजारी छापला गेला पाहिजे. मुंबईच्या नागरिकांनी आपल्या प्रतिनिधींना याबद्दल आजच विचारावे.